दिगूने पाणी घेतलं नाही

दिग्विजयला माज आला आहे की नाही, हा प्रश्न त्या आठवड्यात डाळजपासून बारामतीपर्यंत सगळ्यांनी सोडवून टाकला होता. फक्त मलाच तो सुटत नव्हता. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. ज्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या वर्गाला एका मिनिटात येतं, त्या उत्तराचा मला संशय येतो. पोरांनी एकमेकांच्या वहीत बघितलेलं असतं.

दिग्विजय म्हणजे डाळजच्या आप्पासाहेबांचा मुलगा, देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगमधला गोलकीपर. देशाच्या संघातूनही दोनदा खेळला. आमच्या भागात पोरं कुस्तीला जातात, कबड्डीला जातात, नाहीतर क्रिकेटच्या मागे लागतात. फुटबॉलचं वेड इथे माझ्या वडिलांनी लावलं. श्रीपती सर बारामतीत शाळेत खेळाचे शिक्षक होते. दिगूचे लांब हात त्यांनी पाचवीत हेरले. पहाटेच्या सरावाला डाळजहून येणं जमायचं नाही, म्हणून आठवड्यातल्या तीन रात्री तो बारामतीलगतच्या कन्हेरीला आमच्याच घरी झोपायचा. सात वर्षं आमच्या ताटात जेवला. मला ताई म्हणायचा आणि माझ्या वेणीला बॉल मारायचा. सर जाऊन आता चार वर्षं झाली.

यंदा डिसेंबरात लीगला दहा दिवसांची सुट्टी मिळाली आणि तो गावी आला. गावाने सत्कार ठेवला. शाल झाली, फेटा झाला. मग गावातल्या वडीलधाऱ्या झुंबरतात्यांनी पेढा उचलून त्याच्या तोंडाशी नेला. आमच्याकडे सत्काराचा पेढा हातात देत नाहीत, भरवतात, आणि फोटो त्याचाच काढतात. दिग्विजयने तात्यांचं मनगट धरलं, हात हळूच खाली केला आणि मान हलवली. तात्या पेढा धरून तसेच उभे. व्हिडिओ बारा सेकंदांचा होता.

संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाईलवर होता. ‘कानामागून आली आणि तिखट झाली.’ ‘उसाच्या पट्ट्यातलं पोरगं आणि गोड चालत नाही?’ ‘फुटबॉलवाले सगळे असेच, नुसता माज.’ ज्यांनी आयुष्यात एक सामना बघितला नव्हता, तेसुद्धा फुटबॉलवाले कसे असतात ते सांगत होते. मी एक-दोघांना उत्तरं लिहिली. दिगूची बाजू घेऊन चांगली खरमरीत लिहिली. कारण मला माहीत होतं, दिगू असा नाही.

तिसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला.

फोन एक दिवस आधी आला होता. मी बारामतीच्या बाजारातून काचेचे सहा ग्लास आणले, त्यांच्यासाठी फुलाफुलांचा ट्रे आणला. सोफ्यावर चादर टाकली, पुढच्या खोलीतला पसारा आत ढकलला. आई बघत होती. माझ्या आईचं नाव ताईबाई. ती एवढंच म्हणाली, “दिगूच येतोय न्हवं? का कलेक्टर येतोय?”

दोन गाड्या आल्या. दिग्विजय, बरोबर चार मित्र. तो आईच्या पाया पडला, सरांच्या फोटोपुढे हात जोडून उभा राहिला. मी ट्रेमधून पाणी आणलं. मित्रांनी ग्लास उचलले. दिग्विजयने ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाला, “नको ताई.” चहालाही नको, शिऱ्यालाही नको. मग बोलता बोलता त्याने पायाशी ठेवलेली बॅग उघडली, स्वतःची बाटली काढली आणि आमच्या घरात बसून स्वतःचं पाणी प्यायला.

आईने ते बघितलं, आणि मी आईला बघितलं.

हे आता स्पष्टच सांगते. आम्ही बौद्ध, दिग्विजय मराठ्याचा. आईच्या माहेरी, तिच्या लहानपणी, आमच्या बायकांना विहिरीवर हात लावू देत नसत. घागर घेऊन कडेला उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. तहान लागली तर ओंजळ धरायची. आईने ती ओंजळ धरलेली आहे. आणि मोठेपणी तिने ज्याला-त्याला एकच दाखला दिला. जग सुधारत नाही असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, “आमचा दिगू बघा. सात वर्सं माझ्या हातचं खाल्लं. त्याच्या मनात कवा आलं न्हाय.” एवढ्या एका पोरावर तिने जग सुधारल्याचं मानलं होतं.

गाड्या गेल्यावर तिने तो भरलेला ग्लास उचलला, मागे गेली, कढीपत्त्याच्या बुडाशी पाणी ओतलं. म्हणाली, “सर गेलं ते बरं झालं. ह्ये बघायला न्हाईत.”

दुसरं काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई भांडली असती तर मला चाललं असतं.

स्टाफरूममध्ये सुप्रिया मॅडम म्हणाल्या, “अगं, वर गेलं की माणूस बदलतंच. त्यात नवल काय?” आमचे शिपाई संभाजीराव म्हणाले, “मॅडम, त्येच्या जागी तुमी असता तर तुमीबी आमाला वळख दिली नसती.” सगळे हसले. मी नाही हसले. मला आतून संताप येत होता आणि त्या संतापाच्या बुडाशी एक प्रश्न तसाच होता. माणूस खरोखर माजतो, की खालून मान वर करून बघणाऱ्यांना तो तसा दिसतो? आणि दिसतो तसाच असेल, तर पाया का पडला? माज आलेला माणूस पाया पडतो आणि पाणी नाकारतो, हे गणित बसत नव्हतं.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर स्कूटर काढली आणि डाळजला निघाले. भिगवण रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. त्यांच्या मागून जाताना मी मनात भांडणाची तयारी करत होते. सगळी वाक्यं पाठ झाली होती.

दारात कुशाबाई, दिग्विजयची आई, तूर पाखडत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “ये ग करुणा. बस. त्यो गेलाय पळायला कालव्याच्या कडंनं. यील आता.”

मी बसले. त्यांनी पाणी दिलं. मी प्यायले, मुद्दाम सगळं. मग विचारलं, “काकी, दिगूला झालंय काय? कुणाचं काही खात नाही म्हणतात.”

कुशाबाईंनी सूप खाली ठेवलं. “तुज्या कानावर आलं का? अगं, काय सांगू! माझ्याच घरात पावण्यावानी ऱ्हातोय. न्हाय, चुकलं. पावण्यावानी वाढायला गेलं की उठतो. ताट वाढलं, की म्हंतो, ऱ्हाऊ दे. आन मग चुलीपाशी येऊन सोताच्या हातानं तव्यावरची भाकरी उचलतो, सोता कालवण घेतो. मला वाटलं, कुणी करणी केली का काय पोरावर. मी तर भिगवणच्या बाईकडनं अंगाराबी आणला.”

“मग?”

“अंगाराबी खाल्ला न्हाय.”

मला हसू आलं, आणि हसताना माझी पाठ केलेली सगळी वाक्यं सांडली. म्हणजे आमच्याच घरचं पाणी नाकारलं असं नव्हतं. तो स्वतःच्या आईच्या हातचंही ताट नाकारत होता. मग हे काय होतं?

तो आला. घामाने भिजलेला, हातात तीच बाटली. मला बघून थबकला, मग ओट्यावर माझ्यासमोर बसला. लहानपणी चूक कबूल करायची असली की असाच बसायचा, गुडघ्याला मिठी मारून.

मी म्हटलं, “दिगू, मी भांडायला आले होते. आता आधी विचारते. पाणी का नाही घेतलंस?”

त्याने बाटलीचं झाकण दोन-तीनदा फिरवलं. “माझ्या रूममध्ये एक पोरगं होतं, ताई. मणिपूरचं. लेफ्ट बॅक. त्याच्या गावच्या सत्कारात कुणीतरी ताकदीचा लाडू भरवला. प्रेमानंच. त्या लाडवात कसली पावडर होती देवाला ठाऊक. आठ दिवसांनी डोपिंगवाले आमची लघवी तपासायला आले, त्याच्यात सापडलं. दोन वर्षं बंदी. त्यानं सांगितलं, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, तुझ्या अंगात सापडलं, तू जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, ते आम्हाला विचारायचं नाही.”

“आता कुठंय तो?”

“मोटरसायकल दुरुस्त करतो. दोन वर्षांनी बंदी उठली, पण तोवर त्याच्या जागेवर दुसरा आला होता.” त्याने झाकण घट्ट केलं. “तेव्हापासून मी ठरवलं. सीलबंद असंल ते, नाहीतर स्वतःच्या हातानं घेतलेलं. तिसरं काही नाही. मग पेढा असो का तीर्थ.”

“मग सांगायचं की रे! दोन वाक्यं आहेत.”

“सांगितलं. पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगत सुटलो. माझ्या चुलत्याला सांगितलं, तर ते म्हणाले, म्हंजी आमी तुला इष घालनार व्हय? वर्षभर बोलले नाहीत. सांगितलं की माणसं जास्त दुखावतात, ताई. नाही सांगितलं, तर म्हणतात माज आलाय. मला दुसरं परवडतं. माजोरडा म्हटलं की माणूस दोन दिवस शिव्या देतो आणि विसरतो.”

हे उत्तर मला पटलं, आणि पटलं म्हणून अजून राग आला.

“आणि माज आहे की नाही खरंच? मला सांग. मी कुणाला सांगणार नाही.”

तो हसला. पहिल्यांदाच आमच्या दिगूसारखा हसला. “आहे की. गोलच्या मागं जी माणसं बसतात ना, ती नव्वद मिनिटं माझ्या आईचं नाव घेतात. ह्या आईचं.” त्याने सुपाकडे हात केला. “तेव्हा मीच सगळ्यात भारी असं वाटलं नाही, तर पेनल्टीला उभं नाही राहता येत. तो माज हातमोज्यांबरोबर चढवतो मी. हातमोजे काढतो, पण तो कधी कधी काढायचा राहतो. सर असते तर एक कानाखाली वाजवून उतरवला असता.”

“मग आता माझं ऐक,” मी म्हटलं. आणि त्याला सांगितलं. ग्लास, कढीपत्ता, विहीर, ओंजळ. आईचा तो दाखला. ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं.

त्याचा चेहरा पडत गेला. “ताई, शपथ घेतो. ते माझ्या मनातसुद्धा नव्हतं.”

“माहीत आहे. तेच तर. तुझ्या मनात यायची कधी गरजच पडली नाही. आमच्या आईला ते मनात आल्याशिवाय एक ग्लास पाणी कुणापुढे ठेवता आलेलं नाही. झुंबरतात्यांचा पेढा नाकारलास, त्याला लोक माज म्हणतात. मी नाही म्हणणार. पण हे जे आहे ना, आपल्या वागण्याचा समोरच्याला काय अर्थ लागेल ते बघावंच लागत नाही, ह्याला मी माज म्हणते. तो फुटबॉलमुळे आलेला नाही.”

दिग्विजय खाली बघत होता. मग त्याने हळू आवाजात विचारलं, “ताई, काकू पाणी ट्रेमधून कधीपासून द्यायला लागल्या?”

“का?”

“आपल्या घरात पाणी कुणी कुणाला दिलंय का कधी?”

त्याचं खरं होतं.

आमच्या घरात आईचा एक नियम होता. पाणी कुणी कुणाला द्यायचं नाही. पुढच्या खोलीत, दारातून आत आल्यावर डाव्या हाताला माठ, त्यावर पितळेचा पोचे पडलेला तांब्या. ज्याला तहान, त्याने स्वतः बुडवायचा. सरपंच आले तरी, शाळा तपासणीचे साहेब आले तरी, आई बसल्या जागेवरून म्हणायची, “हातानं घ्या.” लोक गोंधळायचे. कुणी कुणी घ्यायचे नाहीत, त्यांचं आम्हाला कळून चुकायचं. आई म्हणायची, मी वरनं वतलेलं प्यालेय, माझ्या घरात कुणाला वरनं वतून देनार न्हाय. दिगू तर सरावाहून आला की चपला काढायच्या आधी माठात तांब्या घालायचा.

“मी आलो तेव्हा माठ शोधला,” तो म्हणाला. “दिसला नाही. तेवढ्यात तुम्ही ट्रे आणला. म्हटलं, झालं, आपण आता ह्या घरात पाहुणे. मग पाहुण्यासारखंच वागलो.”

माठ दिसला नाही, कारण मी तो उचलून मोरीपाशी ठेवला होता. पोचे पडलेला तांब्या गाडीवाल्यांना दिसू नये म्हणून. काचेचे ग्लास मी आणले होते, ट्रे मी आणला होता. साप साप म्हणून भुई धोपटायला मी पंचवीस किलोमीटर आले होते. फुटबॉलवाले मोठे झाले की बदलतात, असं जग म्हणत होतं. इथे त्याच्या मोठेपणाने बदलले होते ते आम्ही, म्हणजे मी.

“परत कधी जाणार?”

“उद्या. सकाळी.”

“जाताना ये,” मी म्हटलं. “पण आईला सांगण्याचं काम मी करणार नाही.”

तरी घरी येऊन मी सांगितलंच. मला राहवतं कुठे. लाडू, मणिपूरचं पोर, तपासणी, सगळं. आई तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तू सांगतीस. त्यो बोलला का?”

“माठ तू हलवलास तवा मीबी गप बसले,” थोड्या वेळाने तीच म्हणाली. “मला वाटलं, पोरगी शिकलेली हाय, तिला लाज वाटत आसंल.” हे तिने तांदळाकडे बघत म्हटलं. मला रडू आलं. मी माठ उचलून पुन्हा दाराच्या डाव्या हाताला ठेवला, तांब्या चिंचेने घासला. ट्रे फळीवर ठेवून दिला.

रविवारी साडेसातला गाडी आली. एकच. दिग्विजय एकटा उतरला, पायात स्लिपर, हातात बाटली नव्हती. आई खुर्चीवर बसली होती. त्याला बघून ती मला म्हणाली, “करुणा, पावनं आल्यात. ट्रे आन.”

असा घाव आईलाच घालता येतो. मी जागची हलले नाही. दिग्विजय दारातच उभा राहिला. म्हणाला, “काकू, मी त्या दिवशी चुकलो. पाण्याचं कारण दुसरं होतं, ते तुम्हाला सांगायला पायजे होतं. मला वाटलं, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही समजून घ्याल. समजून घ्यायचं सगळं तुमच्यावरच टाकलं मी.”

आईने फक्त माठाकडे बघितलं.

तो वाकला. झाकण काढलं, तांब्या बुडवला, भरून वर काढला. मान मागे टाकली आणि तांब्या वीतभर वर धरून पाणी तोंडात सोडलं. मैदानावर बाटलीतून पितात तसं. त्याची ती सवयच. पण मी आईकडे बघितलं. ओठाला न लावता, वरून. निम्मं पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं.

आई खुर्चीतून उठली. सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा दीड हात उंच. तिने वर हात करून तांब्याचा काठ धरला, खाली ओढला आणि त्याच्या ओठाला टेकवला.

“तोंड लावून पी,” ती म्हणाली. “घर हाय ह्ये.”

तो प्यायला. घटाघटा, डोळे मिटून. थांबला तेव्हा तांब्यात अजून पाणी होतं. आईने तांब्या त्याच्या हातातून घेतला आणि उरलेलं पाणी, तिथेच उभी राहून, स्वतः प्यायली. त्याच काठाला तोंड लावून.

मग पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “ह्ये आता सापडंल का रं त्यांच्या तपासनीत?”

“नाही काकू.”

“सापडलं तर घाबरू नगंस,” आई म्हणाली. “म्हनावं, ताईबाईच्या माठातलं हाय. कुनी दिल्यालं न्हाय, हातानं घेतलंय.”